टीव्ही चपटा झाला, सवयी मात्र डब्याच्याच: या चुका टाळा

वीसेक वर्षं झाली, लोकांच्या भिंतीवर टीव्ही चढवतोय. सुरुवातीला पिक्चर ट्यूबचा २९ इंची डबा उचलायला दोन माणसं लागायची आणि तो निसटला तर आधी आपल्या पायाची काळजी वाटायची. आता ५५ इंची टीव्ही पोरंसोरंही उचलतात. वजन गेलं तशी लोकांच्या मनातली धास्तीही गेली, आणि माझी निम्मी कमाई त्यातूनच होते.

सगळ्यात आधी बोल्ट. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांचं अंतर वेसा मापाचं, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी ठरवून घेतलेलं: २०० बाय २०० मिलिमीटर, ४०० बाय ४०० वगैरे. अंतर भिंतीवरच्या स्टँडशी जुळलं की गडी खूश. एम ६ बोल्ट की एम ८, हे आटे धरतात का त्यावरून कळतं. लांबी मात्र कुणी बघत नाही. कडेला एलईडीची पट्टी असलेल्या बारीक टीव्हीत पाठीचा पत्रा, त्यामागे पांढरा कागद, मग उजेड पसरवणारी ॲक्रिलिकची शीट आणि लगेच काच. मधे पोकळी अशी फारशी नसतेच. बोल्ट चार मिलिमीटर जास्त गेला तरी तो थेट या थरांना ढोसतो.

एका दिवाळीत साताऱ्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "भाऊ, व्हिडिओ बघून मीच बसवलाय. जरा हलतोय." म्हटलं, मी येतो, तोवर हात लावू नका. अर्ध्या तासाने पुन्हा फोन, आवाज पडलेला. टीव्ही उतरवून, ड्रिल मशीनला बिट लावून त्यांनी बोल्ट 'टाइट' केले होते. जाऊन बघितलं तर पडद्यावर रुपयाएवढा काळा डाग आणि त्यातून चारी दिशांना रेघा. स्टँडच्या पुडीतले सगळ्यात लांब बोल्ट वापरलेले. त्यांच्याखाली घालायच्या प्लास्टिकच्या नळ्या 'जास्तीच्या निघाल्या' म्हणून मुलाला खेळायला दिलेल्या! वॉरंटीत फुटतूट बसत नाही आणि नव्या पॅनेलचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. वसुबारसेला घेतलेला टीव्ही लक्ष्मीपूजनाला भंगारात.

माझी पद्धत अडाणी आहे, पण आजवर फसलेली नाही. उदबत्तीची काडी भोकात टेकेपर्यंत घालायची, नखाने खूण धरायची, त्यात स्टँडच्या पट्टीची जाडी मिळवायची आणि त्याहून दोन मिलिमीटर आखूड बोल्ट घ्यायचा. शेवटचे आटे हातानेच. मशीनने बोल्ट आवळणारा पोरगा मी कामाला ठेवत नाही.

दुसरी चूक चांगल्या सवयीच्या वेषात येते: रात्री बोर्डावरचं बटण बंद करायचं. आपल्याकडे हे संस्कारच आहेत, आणि साध्या एलईडी टीव्हीला त्याने काही होत नाही. पण ओलेड टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो आणि वापराप्रमाणे कमीजास्त थकतो. म्हणून एकूण चारेक तास चालून झाला की रिमोटने बंद केल्यावर तो पडदा काळा ठेवून काही मिनिटं स्वतःची डागडुजी करतो. तुम्ही बोर्डावरून वीज तोडलीत की ती राहून जाते. रोज तेच चाललं आणि दिवसभर बातम्या लावलेल्या असल्या, तर खालच्या पट्टीचं भूत पडद्यावर कायमचं बसू शकतं. वीज वाचते म्हणाल, तर स्टँडबायला, म्हणजे रिमोटने बंद असताना, साधारण अर्धा वॉट लागतो. म्हणजे वर्षाला साडेचार युनिटसुद्धा नाही. 'क्विक स्टार्ट' चालू असेल तर जास्त जाते, ते बंद ठेवा. हां, वळवाचा कडकडाट सुरू झाला की मात्र पिन काढाच, आणि डिशची वायरही.

पडद्यावर फवारा मारू नका. पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं आणि बऱ्याच मॉडेलांत पॅनेलच्या नाजूक फिती तिथेच चिकटवलेल्या असतात. मग उभ्या रेघा येतात. मऊ कोरडं मायक्रोफायबर फडकं पुरे.

उचलताना काचेवर अंगठा दाबायचा नाही. आडवा झोपवायचा नाही. बस.

पहिल्यांदा सुरू करताना टीव्ही विचारतो, घर की दुकान? उतावळे 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत दुकान निवडतात आणि मग रंग कमी केले तरी थोड्या वेळाने पुन्हा भडक होतात म्हणून मला बोलावतात. दोन मिनिटं वाचायला काय जातं?

सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतोय? एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो बंद करा. सेकंदाला २४ चित्रांच्या मधे टीव्ही स्वतःच्या मनाची चित्रं भरत असतो. क्रिकेटला ठेवायचं असेल तर ठेवा, मला तिथेही आवडत नाही.

रात्री टीव्ही आपोआप सुरू होतो ती भुताटकी नव्हे. लाइट जाऊन आले की एचडीएमआयच्या खाचेत खोचलेली सिनेमे-मालिका दाखवणारी काडी (स्टिक) जागी होते आणि सीईसीवरून, म्हणजे त्याच खाचेतून एकमेकांना चालू-बंद करायच्या सोयीवरून, टीव्हीलाही उठवते. सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक या नावाने ते सापडेल, बंद करा. साउंडबार मात्र त्याच भरवशावर चालत असेल तर सरसकट बंद करू नका. आणि साउंडबारची वायर 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच, टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर जातो.

रिमोटने टीव्ही चालू-बंद होतो पण बोलून शोधता येत नाही, तर सेल बदलत बसू नका. बरेचदा चालू-बंद इन्फ्रारेडवर चालतं, आवाज ब्लूटूथवर. जोडी तुटलेली असते. सॅमसंगला बॅक आणि प्ले-पॉझ तीनेक सेकंद एकत्र दाबा, एलजीच्या मॅजिक रिमोटला मधलं चाक. रिमोट मेलाय का हे बघायला मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर पॉवरचं बटण दाबा, दिवा लुकलुकताना दिसेल.

आणि रिमोट हरवला की हमखास फोन: "याला बटणच नाही हो!" असतं. खालच्या कडेच्या मध्यावर नाहीतर पाठीमागे कोपऱ्यात, एकच. टीव्ही बसवून निघताना मी घरातल्या काकूंकडून आरशावरची एक टिकली मागून घेतो आणि त्या बटणाच्या सरळ रेषेत कडेला लावून देतो.