ओव्हरक्लॉक करावं की नवा प्रोसेसर घ्यावा?

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. पण आधी अडतंय कुठे ते शोधा. संगणक हळू वाटतो त्या कामात टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर वेगळा दाखवा. एकूण वापर ३० टक्के दिसत असला, तरी एखादा कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) सतत शंभरावर असू शकतो. गेममध्ये ग्राफिक्स कार्डच ९५ टक्क्यांच्या पुढे असेल, तर प्रोसेसरला हात लावू नका. रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग, बंद असेल तर आधी तो चालू करा. पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो.

ओव्हरक्लॉकिंगसाठी इंटेलमध्ये साधारणपणे नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे रायझन प्रोसेसर बहुतेक ओव्हरक्लॉकिंगसाठी खुले असतात, पण ए मालिकेच्या बोर्डांवर ही सोय नसते. मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) एकेक पायरीने वाढवा आणि दर वेळी अर्धा तास ताण चाचणी घ्या, म्हणजे पूर्ण भार टाकून संगणक स्थिर राहतो का ते पाहा. तापमान ९० अंशांच्या आसपास गेलं तर थांबा. व्होल्टेज वाढलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून शेवटचे १०० मेगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात. आधुनिक प्रोसेसर स्वतःच बूस्ट करतात, म्हणजे गरजेनुसार वेग वाढवतात, त्यामुळे हाती फारसं लागत नाही.

सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) तोच ठेवून मोठी उडी मिळत असेल, तर प्रोसेसर बदलणंच शहाणपणाचं. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावरच्या रायझन ५ १६००च्या जागी ५६०० बसवता येतो, मात्र बोर्डाच्या सपोर्ट यादीत त्याचं नाव हवं. बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच अपडेट करा, नाहीतर पडदा काळाच राहील.