दोन रकान्यांची वही

नोकरी सोडून घरून भाषांतराची कामं घ्यायला लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात कळलं की इतकी वर्षं मी वक्तशीर नव्हतेच; ऑफिस वक्तशीर होतं. सोमवारची मीटिंग होती, टेबलाशी येऊन ‘झालं का?’ विचारणारे साहेब होते, सुटायची वेळ ठरलेली होती. हे सगळं गेलं आणि माझा कारभार उघडा पडला. एका यंत्राचं साठ पानी माहितीपुस्तक सहा दिवसांत देते म्हणाले आणि दहाव्या दिवशी दिलं. काम देणारी मंडळी काही बोलली नाहीत. पुढचं काम मात्र त्यांनी दिलं नाही.

मग सगळे करतात ते मीही केलं. पहाटेचे गजर लावले, रंगीत पेनं आणली, तीन वेगवेगळी ॲप उतरवली. दर वेळी आठवडाभर उत्साह, नंतर सामसूम. माझी चूक क्रमात होती. मी आधी शिस्त लावायला निघाले होते आणि माझा वेळ जातो कुठे, हेच मला माहीत नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते, पहिल्या आठवड्यात स्वतःला सुधारायला जाऊ नका. नुसतं लिहा.

अंदाज आणि प्रत्यक्ष

साधी वही घ्या, पानावर दोन रकाने आखा. काम सुरू करण्यापूर्वी डावीकडे लिहायचं, किती वेळ लागेल. संपलं की उजवीकडे, किती लागला. अंदाज आधीच लिहायचा, ही एकच अट. नंतर लिहिलात तर मन हळूच आकडा जुळवून घेतं.

माझ्या पहिल्या आठवड्यातल्या नोंदी अशा होत्या: दहा पानांचं भाषांतर, अंदाज ३ तास, प्रत्यक्ष ४ तास ५० मिनिटं. बिल बनवून पाठवणे, १० मिनिटं आणि ३५ मिनिटं. कागदपत्रांचं कपाट लावणे, १ तास आणि अडीच तास. फोनवरून विजेचं बिल भरणे, ५ आणि ६. म्हणजे सरळ एका दमात होणारी कामं मला बरोबर ओळखता येत होती. घोळ होत होता तो पोटात दुसरी कामं दडलेल्या कामांत. ‘बिल पाठवणे’ म्हणताना मला फक्त पाठवणं दिसत होतं. आधीचा बिल क्रमांक शोधणं, पानं मोजणं, बेरीज दोनदा तपासणं हे हिशेबात नव्हतंच.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही, हे कळल्यावर बरं वाटलं. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या चुकीला नियोजनाचा भ्रम म्हणून नाव दिलं होतं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. कारण आपण अंदाज बांधतो तो काम कसं व्हावं या चित्रावरून. मागच्या वेळी किती लागला होता, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. वही ते विचारते.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की एकाच जातीची कामं बाजूला काढा आणि प्रत्यक्ष वेळेला अंदाजाने भागा. भाषांतरासाठी माझा आकडा १.६ निघाला. आता कोणी तारीख विचारली की मनात आलेल्या दिवसांना मी १.६ ने गुणते आणि मगच तोंड उघडते. सुरुवातीला लाज वाटायची, इतके दिवस मागायचे? पण लोकांना उशिराची तारीख चालते. दिलेली तारीख हुकलेली चालत नाही. हा आकडा सगळ्या कामांना सरसकट लावू नका. घरकामाचा माझा आकडा अडीचच्या पुढे आहे, तो इथे सांगण्यात अर्थ नाही.

यादीत काय लिहायचं

माझ्या जुन्या यादीत ‘विमा’ असा एक शब्द चार महिने बसून होता. दिसला की पोटात गोळा, आणि नजर पुढच्या ओळीवर. एक दिवस तो खोडून लिहिलं: ‘फाइलमधून पॉलिसी क्रमांक शोधून फोनमध्ये टिपून ठेवणे.’ सात मिनिटांत झालं. नंतर फोन, नंतर अर्ज. चार महिन्यांचं काम दोन दिवसांत उरकलं.

यादीत विषय लिहू नका, कृती लिहा. वाक्य क्रियापदावर संपलं पाहिजे, आणि ती कृती करताना हात नेमके काय करतील हे डोळ्यांपुढे यायला हवं. येत नसेल तर काम अजून मोठं आहे, तुकडा पाडा.

आणि हे सगळं कागदावरच. डोक्यात ठेवलेली कामं नेमकी झोपताना आठवतात. अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं. त्यावर नंतर बराच वाद झाला, पण २०११ च्या एका संशोधनातली गोष्ट मला रोज उपयोगी पडते: मनातली टोचणी थांबायला काम संपावंच लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करायचं हे ठरलं तरी बरंचसं भागतं. म्हणून रात्री आठवलेल्या कामापुढे मी वार आणि वेळ लिहिते आणि दिवा मालवते.

दिवसाला मोठी कामं तीनच घ्या. मी पाच घेऊन पाहिली आहेत. पाचवं नेहमी उद्यावर जातं, आणि चौथं निम्मं.

मध्येच कोणी आलं तर

घरून काम म्हणजे दार, फोन, ‘एकच मिनिट’ म्हणणारी माणसं. ही थांबवता येत नाहीत. माझा वेळ खरा जायचा तो परत आल्यावर, कुठे होते हे शोधण्यात. त्यावर उपाय अगदी क्षुल्लक आहे. उठण्यापूर्वी एक ओळ खरडायची: ‘पान १४, तिसरा परिच्छेद, झडपेसाठी शब्द ठरवायचा.’ अर्धं मिनिटही लागत नाही. परत आल्यावर वाचायचं आणि तिथूनच सुरू करायचं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढंच सांगते. उलटा करून टेबलावर ठेवणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

कोणी नवं काम घेऊन आलं तर जागच्या जागी हो म्हणू नका. ‘वही बघून संध्याकाळी सांगते’ हे वाक्य मी पाठ केलं आहे. घरच्यांनाही तेच सांगते. आधी ते रागवायचे, आता वही आणून देतात.

टाळाटाळ

एवढं करूनही एखादं काम पुढे ढकललं जातंच. त्यात आळस थोडा असतो. बहुतेकदा त्या कामाशी जोडलेली भीती किंवा कंटाळा असतो. मी जिथे अडते तिथे वहीत एक शब्द लिहिते, ‘भीती’ किंवा ‘कंटाळा’. कंटाळा असेल तर २५ मिनिटांचा गजर लावून बसते. भीती असेल तर कोणाला काय विचारायचं राहिलंय ते शोधते, कारण माझी भीती बहुतेक वेळा न विचारलेल्या प्रश्नाची असते. आणि स्वतःला शिव्या घालत बसू नका. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

त्याच वर्षी सवयींवरचाही एक अभ्यास आला. एखादी कृती आपोआप व्हायला लागायला लोकांना साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर काहींच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. माझी वही आजारपणात नऊ दिवस कोरी होती. दहाव्या दिवशी तारीख घालून पुढे लिहिलं, मागचं भरत बसले नाही.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं पानं उलटून पाहा. तीन आठवडे पुढे सरकत आलेल्या कामाला मी तीन प्रश्न विचारते: आणखी लहान करता येईल का? दुसऱ्या कोणाला देता येईल का? केलंच नाही तर काय बिघडेल? ‘जुने फोटो सालवार लावणे’ अकरा आठवडे सरकत आलं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं. पट्टी घेऊन त्यावर सरळ रेघ मारली.