शाळेच्या भिंतीसाठी मातीचे आणि तांदळाचे रंग

माती-तांदळाच्या रंगांनी शाळेच्या भिंतीवर वारली पद्धतीची चित्रं काढायचा हा उपक्रम ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या शाळांत दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावा. भात कापून झालेलं असतं, खाचरं कोरडी असतात, भिंतींची ओल गेलेली असते. पावसाळ्यात भिंत वाळत नाही आणि रंगाला बुरशी येते. तिसरी ते पाचवीची वीस-पंचवीस मुलं, चार-पाच जणांचे गट, सलग चार दिवस रोज दोन तासिका, एवढं पुरतं.

पहिला दिवस मातीचा. माळावरची तांबडी, खाचरातली काळपट, ओढ्याकाठची पिवळसर अशी प्रत्येक गटाने दोन-दोन ओंजळी माती आणायची. वारुळाची माती बारीक असते, पण फक्त बाहेर गळून पडलेली घ्यायची, भोकात हात घालायचा नाही. बांधावर खाजकुयलीच्या शेंगा आणि बिब्ब्याचं झाड आधी सर्वांना दाखवा. शेंगांच्या लवेने अंगाला खाज सुटते, बिब्ब्याच्या रसाने फोड येतात. पाड्यातल्या मुलांना हे बहुधा माहीत असतं, तेव्हा ओळख त्यांनाच करून देऊ द्या.

माती बादलीत दुप्पट पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा. वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी काढलं की खाली लोण्यासारखा रंग उरतो. वाळू का आधी बसली, हा विज्ञानाचा प्रश्न इथेच विचारा.

रंगांना नावं मुलांनी द्यायची. ठाकर, कातकरी, वारली घरांतल्या मुलांकडे माती-झाडांसाठी घरचे शब्द असतात. ते फळ्यावर आधी लिहा, पुस्तकातला शब्द शेजारी नंतर. या एका गोष्टीसाठी वेळ कमी पडला तर बाकी काही कमी करा, हे नको.

रंग भिंतीला धरायला डिंक लागतो. दोन चमचे कुटलेला डिंक अर्धा कप कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. चार चमचे ओल्या मातीला दोन चमचे हे पाणी. वाळल्यावर बोट फिरवून पाहा. रंग हाताला लागला तर डिंक कमी पडला, चकाकून तडकला तर जास्त झाला.

फुलापानांचे रंग भिंतीवर नकोत, उन्हात उडतात. ते कागदावर. दहा गोकर्णीची फुलं अर्धा कप गरम पाण्यात टाका (गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं). निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळट-गुलाबी होतं, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. हळदीच्या पाण्यात सोडा टाकला तर ते तांबूस होतं. यासाठी चुना मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यांत गेला तर इजा होते.

भिंत मातीची असेल तर आधी शेण-मातीने सारवून दिवसभर वाळू द्या. नंतर पाव किलो गेरू लिटरभर पाण्यात कालवून, वर सांगितलेलं डिंकाचं पाणी घालून दोन हात द्या. तीन बाय पाच फुटांचा तुकडा सहज होतो. ऑइलपेंटच्या भिंतीवर गेरू धरत नाही, पोपडे सुटतात. तिथे जुनं सुती कापड गेरूने रंगवून वापरा. भिंत ओसरीतली, पावसाची झड न लागणारी निवडा.

पांढऱ्यासाठी एक वाटी तांदूळ रात्रभर भिजवून बारीक वाटा, फडक्यातून गाळा, पातळ ताकाइतकं सैल करून दोन चमचे डिंकाचं पाणी घाला. त्याच दिवशी वापरा, संध्याकाळपर्यंत आंबतं. इथे हमखास एक चूक होते. ओलं असताना पांढरं दिसतच नाही, म्हणून मुलं वरून जाड थर देतात आणि तो वाळला की गळतो. एक रेघ ओढून ती वाळेपर्यंत सगळ्यांनी बघत बसायचं, मग पुढे जायचं. कुंचल्याला वीतभर बांबूची काडी, टोक दगडाने ठेचून धागे मोकळे केलेली. कुसळं आधी घासून काढा.

चित्राचा नमुना समोर ठेवू नका. एका मुलाने भात झोडायचा पवित्रा घ्यायचा, बाकीच्यांनी बघायचं. धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. तो वाकला की वरचा त्रिकोण किती कलतो, हे आधी हाताच्या पंजाने दाखवायचं, मग काढायचं. कोन मोजण्याचा धडा यात आपोआप येतो.

वारली लग्नातला देवचौक, म्हणजे घराच्या भिंतीवरचं देवीचं चौकोनी चित्र, सुवासिनी विधी म्हणून लिहितात (काढतात). तो शाळेच्या सजावटीसाठी काढून घेऊ नये. त्याऐवजी पाड्यातल्या एखाद्या आजीला बोलवा आणि काय काढलेलं चालेल ते तिला विचारा. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात वारली चित्रं कागदावर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गंजाड हे डहाणू तालुक्यातलं गाव २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, हे मुलांना नकाशावर दाखवा.

चित्राखाली मुलांची नावं आणि त्यांनीच ठेवलेली रंगांची नावं लिहा. उरलेला मातीचा रंग ताटलीत वाळवून वड्या करा, पाणी लावले की पुढच्या वर्षी पुन्हा चालतात. तांदळाचा रंग मात्र उरवू नका.