लॉगच्या पुस्तकातून जॉन ग्लेनची फेरी

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. मागच्या गणपतीत नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांच्यावर फोटोंचा मोठा तक्ता केला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी एकालाही नाव आठवेना. मला फार लागलं ते. यंदा तक्ता केला नाही, कॅथरीनबाईंच्या कामातलं थोडं काम मुलांकडून करून घेतलं. तुम्हीही घेऊ शकता.

आधी सगळे मोबाइल देवघरात ठेवायला लावा. कागद, पेन्सिल आणि चार अंकी लॉगचं पुस्तक (गुणाकाराची बेरीज करून देणारे तक्ते) एवढं पुरे. कॅथरीनबाईंच्या टेबलावर आकडेमोडीचं यंत्र असे. आपलं लॉगवर भागतं. मुलांचे दोन गट करा, एक ओसरीवर, एक माजघरात. एकमेकांचे कागद दिसता कामा नयेत.

पेन्सिलींना टोक काढेपर्यंत गोष्ट सांगा. 20 फेब्रुवारी 1962ला अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन यानातून पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारणार होते. गणित नव्या संगणकानं केलं होतं, पण ग्लेन यांचा त्यावर भरवसा बसेना. त्या मुलीकडून आकडे तपासून घ्या, असं ते म्हणाले. ही ‘मुलगी’ म्हणजे कॅथरीनबाई, तेव्हा 43 वर्षांच्या. त्यांनी तीच समीकरणं हातानं सोडवली, उत्तरं जुळली, मग ग्लेन निघाले.

हेही सांगा की कॅथरीनबाई काम करत त्या अमेरिकेतल्या लँगलीच्या प्रयोगशाळेत ‘कॉम्प्युटर’ म्हणजे माणूस, आणि कृष्णवर्णीय बायकांचा विभाग वेगळा. 1949पासून डोरोथी व्हॉन त्या विभागाच्या प्रमुख. जेवणाच्या खोलीत या बायकांच्या टेबलावर वर्णाची पाटी असे. मिरियम मान ती उचलून पर्समध्ये घालत. पाटी पुन्हा आली की पुन्हा उचलत. इथे आमच्याकडे एक मुलगी लिहायचं सोडून बघतच राहिली.

आता गणित. ग्लेन यांच्या यानाची जमिनीपासून उंची साधारण 160 ते 260 किलोमीटर, सरासरी 210 धरा. त्यात पृथ्वीची त्रिज्या 6371 मिळवा, झाले 6581. याचा घन, भागिले 398600 (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक), त्याचं वर्गमूळ, गुणिले 2π. म्हणजे एका फेरीचे सेकंद.

लॉगनं: 6581चा लॉग 3.8183, गुणिले 3 म्हणजे 11.4549. त्यातून 398600चा लॉग 5.6005 वजा, राहिले 5.8544. निम्मे 2.9272. त्यात 2πचा लॉग 0.7982 मिळवला की 3.7254. अँटिलॉग पाहा, म्हणजे लॉगवरून मूळ आकडा काढा: सुमारे 5314 सेकंद, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटं. ग्लेन यांना एका फेरीला जवळजवळ तेवढाच वेळ लागला होता. हे आधी सांगू नका.

खरं शिक्षण उत्तरं जुळत नाहीत तिथे होतं. आमच्या माजघरातल्या गटाचं उत्तर 5061 आलं. मी काही बोलले नाही, कागद बदलायला सांगितले. ओसरीवरच्या मुलांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि पहिल्याच ओळीत चूक धरली: उंची मिळवायचीच राहिली होती. फरक 253 सेकंदांचा. यान सेकंदाला 7.8 किलोमीटर जातं, तेव्हा एका फेरीत जवळपास 2000 किलोमीटरची चूक. वडोदऱ्याहून रेल्वेनं दिल्लीला जाऊन परत येण्याइतकी! खोलीत एकदम शांतता झाली.

चुकलेला कागद फाडू देऊ नका. चुकीखाली रेघ मारून पुढे बरोबर गणित लिहायला लावा.

शेवटी ज्यानं तपासलं त्याचं नाव तपासलेल्या कागदावर आलंच पाहिजे. 1960मध्ये कक्षेच्या गणितावरच्या एका अहवालावर लेखक म्हणून कॅथरीनबाईंचं नाव छापलं गेलं. त्यांच्या विभागात तोवर कुठल्याही बाईला हे मिळालं नव्हतं. म्हणून नुसती सही चालवून घेऊ नका. पूर्ण नाव, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात.