रेल्वेत लागलात? पहिल्या पगारात पत्र्याची ट्रंक घ्या

खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पोराला रेल्वेची ऑर्डर आली की घरातले तीनच गोष्टी विचारतात: पोस्टिंग कुठं, क्वार्टर आहे का, फुकट प्रवासाचे पास किती. कागदांचं नाव कुणी काढत नाही. मी हुबळी डिव्हिजनमध्ये टोकन पोर्टर म्हणून लागलो, खात्याची परीक्षा देऊन स्टेशन मास्तर झालो आणि त्याच डिव्हिजनमधून रिटायर झालो. आता ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक कुठला ना कुठला अडलेला कागद घेऊन. नोकरी चोख केलेली असते, एखादा पाय गमावून बसलेलेही असतात, पण हातात फाईल नसते. रेल्वेत काम रुळावर होतं आणि हक्क कागदावर ठरतो. ऑफिस स्वतःची फाईल स्वतःसाठी ठेवतं. तुमची तुम्हालाच ठेवावी लागते, त्यासाठीच ही ट्रंक.

आधी कामाबद्दल थोडं. माझ्या सुरुवातीला मिरज–लोंढा लाईन मीटर गेज होती. पुणे–मिरज–कोल्हापूर लाईन १९७१ मध्ये ब्रॉड गेज झाली होती, पण आमच्या बाजूला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. तोवर मुंबईहून बेळगावला येणारा माणूस मिरजेत उतरायचा, ट्रंका-वळकट्या घेऊन समोरच्या छोट्या गाडीत चढायचा. एकेरी लाईन, म्हणून सगळा कारभार बॉल टोकनवर. पुढच्या स्टेशनानं लाईन क्लिअर दिल्याशिवाय यंत्रातून लोखंडी गोळा सुटत नसे आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नसे. गोळा ड्रायव्हरच्या हातात, म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतची लाईन त्याची. तो पिशवीत घालायचा, पिशवी कड्याला लावायची आणि कडं धावत्या इंजिनातल्या माणसाच्या हाताला लागेल असं धरून उभं राहायचं. गुंजी-लोंढ्याकडच्या पावसात, रात्री, समोर इंजिनाचा दिवा डोळ्यांत. हेच माझं काम. आता बटणांचं पॅनेल आलं, चाकं मोजून लाईन मोकळी आहे का सांगणारे अ‍ॅक्सल काउंटर आले, गोळा गेला. पण फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून सांगायचा गुप्त आकडा, घेतल्या-दिल्याशिवाय आजही बरंच काही हलत नाही आणि तो नंबर लिहावाच लागतो.

लेव्हल वनमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या पगाराच्या पायरीवर लागणारी आपल्याकडची बरीच पोरं ट्रॅकवर जातात. हुद्द्याचं नाव आता ट्रॅक मेंटेनर झालंय, लोक अजून गँगमनच म्हणतात. मुकादमाच्या हाताखाली पहिली दोन वर्षं अंग मोडून निघतं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. कीमन रोज आपला बीट, म्हणजे ठरलेला टप्पा, चालून रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या आणि दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट बघतो. उन्हाळ्यात रूळ तापले की वेगळी गस्त आणि पावसाळ्यात रात्रीची गस्त. लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉक ते कुळे हा घाट ३७ ला १ चढाचा. तिथं पावसाळी गस्तीला लागलेला माणूस हातदिवा, लाल-हिरवे झेंडे आणि फटाके घेऊन निघतो. फटाके म्हणजे रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला थांबवणारे, दिवाळीचे नव्हेत. पदवी घेतलेल्या पोराला हे काम कमीपणाचं वाटतं. वाटू द्या. खात्यांतर्गत परीक्षांचा रस्ता तिथूनच निघतो आणि ज्यांनी पहिल्या काही वर्षांत अभ्यास सोडला नाही ते पुढं गेले.

स्टेशनवर लागलात तर रोस्टर आधी समजून घ्या. गर्दीच्या स्टेशनला आठ तासांची पाळी, गाड्या कमी असलेल्या ठिकाणी बारा तासांची. बारा तासांत काम कमी असतं हे कागदावरचं गणित. जागरण पूर्ण असतं.

आता ट्रंकेकडे येतो.

सगळ्यात आधी नाव. आपल्या सीमाभागात याइतकं डोकं दुसऱ्या कशानंही उठत नाही. मराठी शाळेत पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव अशी तिन्ही नावं लागतात. दहावीच्या मार्कशीटवर कधी बापाचं नाव एका अक्षरावर येतं, कधी आडनाव पुढं आणि नाव मागं. मारुती नावाच्या पोराच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मराठी मास्तर नुसता टी लिहितो, बेंगळुरूकडच्या पद्धतीनं लिहिणारा त्याला एच जोडतो. आधारला तिसरंच, बँकेत चौथंच. भरतीच्या वेळी कागदपत्र तपासणीत हे एखाद्या प्रतिज्ञापत्रावर निभावतं आणि पोरगं खूश होऊन विसरून जातं. तीस वर्षांनी पेन्शनच्या वेळी तेच स्पेलिंग समोर उभं राहतं. लागल्याबरोबर पहिल्या वर्षात एक करा: दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक, सगळं तिच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला जाऊ नका. सेवा पुस्तिकेतलं नाव बदलायचं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

गावाच्या नावाचाही घोळ असतो, पण तो कमी त्रासाचा. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. स्टेशनचा कोड मात्र बीजीएमच राहिला. जुन्या ऑर्डरवर एक नाव, नव्यावर दुसरं, यानं अडत नाही. आमच्या आळीत एका घरी तीन पिढ्या रेल्वेत होत्या. आजोबांचे कागद एम अँड एस एम (मद्रास अँड सदर्न मराठा) रेल्वेचे, ती १९५१ मध्ये सदर्न रेल्वेत गेली. १९६६ मध्ये आमचं डिव्हिजन दक्षिण मध्य रेल्वेकडे आलं आणि २००३ मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वेकडे. मधे १९५६ मध्ये जिल्हाच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. बदली न होता माणसाच्या कागदावर एवढी शीर्षकं बदलली! म्हणून जुना कागद ‘आता याचा काय उपयोग’ म्हणून फाडू नका. सलग नोकरी दाखवायला तीच साखळी लागते.

जातीचा दाखला लागत असेल तर तो नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कचेरीतून, केंद्र सरकारच्या नमुन्यात घ्या. ओबीसीची केंद्रीय यादी राज्यवार असते. कोल्हापूरच्या मामाच्या दाखल्यावर काय लिहिलंय त्यावरून आपलं ठरवू नका. खानापूरच्या पोराला कर्नाटकची यादी लागू.

जन्मतारीख सेवा पुस्तिकेत एकदा चढली की ती बदलणं जवळपास अशक्य. जुन्या लोकांच्या तारखा हेडमास्तरांनी १ जून टाकलेल्या असत, त्या तशाच शेवटपर्यंत चालल्या आणि त्याच तारखेवर रिटायरही झाले. तुमची तारीख चुकीची चढली असेल तर पहिल्या काही महिन्यांतच लेखी अर्ज द्या.

लेखी म्हणजे काय हेही सांगतो. साहेबाला तोंडी सांगितलं, क्लार्कनं मान हलवली, म्हणजे अर्ज दिला असं होत नाही. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. आता बरंच काम एचआरएमएसवर, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या रेल्वेच्या ऑनलाईन प्रणालीवर होतं. तिथं अर्ज नंबरसकट दिसतो, त्याचा प्रिंट काढा. आमच्या वेळचा एक जुना मुकादम म्हणायचा, “पोच न्हाई तर अर्ज न्हाई गा, नुसतं बोलून आलास तू.” त्याची शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण त्याच्या ट्रंकेत पहिल्या मस्टरपासूनचा कागद होता.

बदलीच्या अर्जाला तर पोच हवीच. आपली पोरं लांबच्या झोनमध्ये लागतात आणि पहिल्या दिवसापासून हुबळी डिव्हिजनची वाट बघतात. विनंती बदलीत नंबर अर्जाच्या तारखेवर लागतो. आणखी एक गोष्ट भरतीच्या आनंदात कुणी सांगत नाही: स्वतःच्या विनंतीनं दुसऱ्या डिव्हिजनला गेलात तर ज्येष्ठता तळाला जाते. अदलाबदलीत दोघांपैकी ज्याची ज्येष्ठता कमी, त्याची दोघांना लागते. घराजवळ यायचं की प्रमोशन घ्यायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी घर निवडलं असतं, पण मला तो प्रश्नच पडला नाही.

मेडिकलचे कागद वेगळ्या पाकिटात. कामाप्रमाणे डोळ्यांच्या आणि तब्येतीच्या तपासणीचे वर्ग असतात: स्टेशन मास्तर आणि सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला ए-टू लागतं, ड्रायव्हरला ए-वन, ट्रॅकवाल्याला बी-वन. ए गटाची तपासणी पंचेचाळीस वयापर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. डोळ्यानं धोका दिला म्हणून नोकरी जात नाही. दिव्यांग हक्क कायद्यानं त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. पण त्यासाठी आधीचे सगळे फिटनेस दाखले आणि तारखा लागतात. ड्यूटीवर इजा झाली तर ती ड्यूटीवर झाली हे त्याच दिवशी लिहून घ्या. खरचटलं म्हणून सोडलेल्या गुडघ्याचं पुढं काय होतं, ते मी लोकांच्या घरी बघितलंय.

रजेचा हिशेब सोपा. एलएपी म्हणजे भरपगारी रजा वर्षाला तीस, जानेवारी आणि जुलैला पंधरा-पंधरा जमा. साठवलेल्यातल्या ३०० दिवसांपर्यंतचे पैसे शेवटी मिळतात. अर्धपगारी वर्षाला वीस. वर्षातून एकदा आपली सेवा पुस्तिका बघून सही करायची सोय नियमातच आहे. नव्वद टक्के लोक न बघता सही करतात. रजेचं पान उघडा आणि आपल्या वहीशी ताडून बघा.

हो, वही. ही माझ्या आवडीची गोष्ट, म्हणून थोडं जास्त लिहितो. मी रोज रात्री एक डायरी लिहायचो: पाळी कुठली, कुणाला चार्ज दिला, नाईट किती तास, रजा मागितली ती मिळाली की नाही. बस, चार ओळी. रात्री दहा ते सकाळी सहाच्या कामाला नाईट ड्यूटी भत्ता असतो. एकदा एका ऑफिसात आमच्या महिन्यांच्या नाईटचा हिशेब गहाळ झाला, तेव्हा वहीनं काम केलं. पुढं तिच्यात इतर गोष्टीही शिरल्या. आषाढीला मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वारकऱ्यांची गर्दी, कुडचीजवळ कृष्णेला आलेलं पाणी, थोरल्या मुलीचा पहिला दात. आता नातवंडं तेवढंच वाचतात, भत्त्याचं कुणी वाचत नाही.

मात्र एक लक्ष्मणरेषा पाळा. ट्रेन सिग्नल रजिस्टर, स्टेशन डायरी, प्रायव्हेट नंबरची शीट, कॉशन ऑर्डरच्या (ड्रायव्हरला गाडी सावकाश न्यायला सांगणाऱ्या लेखी सूचनेच्या) स्थळप्रती हे सगळं रेल्वेचं. त्यातलं पान घरी आणायचं नाही, मोबाईलवर फोटोही काढायचा नाही. तुमच्या वहीत तुमच्या ड्यूटीची नोंद असावी, सिग्नलची नको. चौकशीत जबाब दिलात तर त्याची प्रत रीतसर मागा. आणि जबाब कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहिलेला असेल तर पूर्ण वाचून, समजून सही करा. भरतीची परीक्षा मराठीतून देता येते, ते चांगलंच आहे. पण घटप्रभा, गोकाक रोडला काम करायचं तर कन्नड बोलता-वाचता यायलाच हवं. भांडण भाषेचं असेल ते बाहेर. गेटमन आणि मास्तर यांना एकमेकांचं बोलणं कळलं नाही तर गाडी रुळावरून उतरते.

बायकोला कागद दाखवा, हे सगळ्यात कळीचं. ड्यूटीवर माणूस गेला की क्वार्टरमध्ये मागं राहिलेल्या बाईला ऑफिसमधलं कुणीतरी एक यादी देतं आणि तिला त्यातलं एकही नाव ठाऊक नसतं. लग्न झालं की कुटुंबाचा तपशील बदला, मूल झालं की पुन्हा बदला. पीएफ, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स, सगळ्यांची नॉमिनेशनं वेगवेगळी असतात; लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असतं आणि तसंच राहतं. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन नाही, एनपीएस म्हणजे नवी पेन्शन योजना आहे. प्रान कार्ड (त्या योजनेतल्या तुमच्या खात्याच्या नंबरचं कार्ड) आणि त्यातला नॉमिनी तपासा, आणि एप्रिल २०२५ पासून आलेल्या यूपीएसचा, म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय घेतला असेल तर त्या फॉर्मची पोच ट्रंकेत ठेवा.

आमच्या पिढीच्या कुणाच्या घरी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश असेल तर आज संध्याकाळीच उघडून बघा. पेन्शनरचं वय ८० झालं की पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, पुढं दर पाच वर्षांनी आणखी. कुटुंब पेन्शनलाही तेच लागू. पण त्यासाठी बायकोची जन्मतारीख पीपीओवर हवी, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या पीपीओत ती जागा बऱ्याचदा कोरी असते. शाळेत गेलेल्याच नाहीत, दाखला कुठून येणार? आधार, पॅन, मतदार कार्ड यांवरची तारीख एकच करून घ्या आणि नवरा हयात असतानाच ती नोंद चढवा. तो गेल्यावर तिला हुबळीच्या खेपा घालाव्या लागतात, आणि दर खेपेला कुणा मुलाला एक दिवसाची रजा काढावी लागते.