परदेशातून आलेले डॉलर परत जात होते: स्विफ्ट कोडचा घोळ असा सुटला

लक्षण: टॉवेलच्या ऑर्डरचा अ‍ॅडव्हान्स जर्मनीहून निघतो, पण सोलापूरच्या खात्यात पोचत नाही. आठवड्याने शुल्क कापून परत.

आधी आयएफएससी (बँकेची शाखा ओळखणारा कोड) दिला; तो फक्त देशातल्या व्यवहारांचा. मग जर्मन ग्राहकाने आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागितला. भारतात तो नसतोच. नेटवरचा 'सोलापूर शाखेचा स्विफ्ट कोड' (परदेशी व्यवहारांसाठी बँक ओळखणारा कोड) हाही फसला. डोक्याला नुसता ताप!

गोंधळाचं मूळ म्हणजे आयएफएससी आणि स्विफ्ट दोन्ही कोड ११ अक्षरी असू शकतात. पाचवं अक्षर शून्य असेल तर आयएफएससी. पाचवं-सहावं 'आय-एन' असेल तर भारतातल्या बँकेचा स्विफ्ट. तो ८ अक्षरीही चालतो; ११ असतील तर शेवटची तीन शाखेची.

जमलं ते असं. शाखेतून फॉरेक्स (परकीय चलन) विभागाचं लेखी रेमिटन्स पत्रक, म्हणजे परदेशातून पैसे मागवायचा तपशील, घेतलं. बऱ्याच शाखांना स्वतःचा स्विफ्ट नसतो, बँकेच्या परकीय चलन शाखेचाच द्यावा लागतो. त्यानंतर डॉलर जिच्यामार्फत येतात त्या मध्यस्थ बँकेचा स्विफ्ट वेगळ्या रकान्यात लिहायला सांगितला. लाभार्थीचं नाव पासबुकात आहे तसंच, पूर्ण खाते क्रमांक आणि शाखेचा पत्ता. पैसे आल्यावर शाखेत इन्व्हॉइससह पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा) दिला. निर्यातीच्या अ‍ॅडव्हान्सला पी०१०३. हा राहिला तर रक्कम बँकेतच अडकते.