ॲडव्हर्सेरियल ऑटोएन्कोडरमधला प्रायर कसा समजून घ्यायचा, करून बघत बघत

ऑटोएन्कोडर म्हणजे न्यूरल नेटवर्कची जोडी: एन्कोडर चित्राचे थोडेसे आकडे करतो, त्यांना कोड म्हणतात, आणि डीकोडर त्या कोडवरून चित्र परत बनवतो. ॲडव्हर्सेरियल ऑटोएन्कोडरमध्ये हे कोड कसे पसरावेत याचा एक नमुना असतो, तो प्रायर. प्रायर म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं तो डेटातून निघतो, आणि तिथेच गाडी अडते. प्रायर आपण ठरवायचा असतो, ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी. सकाळी दादरला लोकलचा डबा बघा, दारात चेंगराचेंगरी आणि आत सीटांच्या मधे चक्क उभं राहायला जागा, मग मागून कोणीतरी ओरडतं, "अहो, आत सरका ना!" साध्या ऑटोएन्कोडरचे कोड असेच दारात गर्दी करतात. डबा भरल्यावर कसा दिसला पाहिजे ते आधी ठरवणं म्हणजे प्रायर. कोणी कुठे उभं राहायचं ते मात्र आपण सांगत नाही. म्हणजे एकेका चित्राचा कोड प्रायरसारखा दिसायची गरज नाही, सगळ्या चित्रांचे कोड एकत्र टाकले की तो ढीग प्रायरसारखा दिसला पाहिजे. एवढं पटलं की अर्धं काम झालं.

आता करायला घ्या. युसीआय या अमेरिकन विद्यापीठाच्या संग्रहातला देवनागरी हस्तलिखित अक्षरांचा डेटासेट फुकट मिळतो, ९२,००० चित्रं आहेत, ३२ बाय ३२ पिक्सेलची, त्यातले फक्त ० ते ९ उचला, २०,००० चित्रं होतात, लॅपटॉपला पुरे.

आधी साधा ऑटोएन्कोडर ट्रेन करा आणि कोड मुद्दाम २ आकड्यांचाच ठेवा म्हणजे कागदावर काढता येईल. सगळे कोड प्लॉट करा. कुठे गुठळ्या दिसतील, कुठे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतला एक बिंदू डीकोडरला द्या, बहुतेक वेळा ना धड ५ ना धड ६ असा नुसता डाग बाहेर येतो, कारण तिथे काय काढायचं ते त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

मग प्रायर निवडा. सुरुवातीला २ डायमेन्शनचा गॉसियन घ्या, म्हणजे मधे दाट आणि कडेला विरळ होत जाणारा गोल ढग, मीन (सरासरी) ०, स्टँडर्ड डेव्हिएशन (पसारा) १. २०१५ मध्ये अलिरेझा मखझानी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली तिची खरी गंमत इथे आहे: व्हीएई (व्हेरिएशनल ऑटोएन्कोडर) या दुसऱ्या पद्धतीत केएल डायव्हर्जन्स, म्हणजे कोडांचा पसारा प्रायरपेक्षा किती वेगळा आहे ते मोजणारा आकडा, काढायला प्रायरचा फॉर्म्युला लागतो, इथे फॉर्म्युला नको, प्रायरमधून सॅम्पल (नमुन्याचे बिंदू) काढता आले की झालं. म्हणून स्विस रोलसारखा गुंडाळलेला आकारसुद्धा चालतो.

आता डिस्क्रिमिनेटर, म्हणजे फरक ओळखणारं तिसरं नेटवर्क. त्याला चित्रं दाखवायचीच नाहीत, फक्त २ आकडे द्यायचे, कधी प्रायरमधून काढलेले तर कधी एन्कोडरने दिलेले, आणि त्याने ओळखायचं कुठले कुठून आले. प्रत्येक बॅचला (चित्रांच्या छोट्या गठ्ठ्याला) आधी एन्कोडर-डीकोडर चित्र परत बनवायला शिकतात, मग डिस्क्रिमिनेटर शिकतो, मग एन्कोडर त्याला फसवायला शिकतो. नावातलं ॲडव्हर्सेरियल म्हणजे हीच चढाओढ.

इथे माझे दोन दिवस गेले ते सांगते. एन्कोडरच्या शेवटच्या लेयरवर रेलू (निगेटिव्ह आकडा शून्य करून टाकणारं फंक्शन) राहिला होता, म्हणजे कोड कधी निगेटिव्ह जाणारच नाही, आणि गॉसियनचा बहुतेक भाग तर निगेटिव्ह बाजूंना पसरलेला. प्लॉटचा एकच कोपरा भरायचा आणि डिस्क्रिमिनेटर दर वेळी जिंकायचा. शेवटचा लेयर लिनियरच ठेवा, वर असलं फंक्शन नको.

झालं का ते लॉसवरून (ट्रेनिंगमधली चूक मोजणाऱ्या आकड्यावरून) ठरवू नका, परत प्लॉट काढा. ढग गोल हवा, मीन शून्याजवळ, डेव्हिएशन १ च्या आसपास. मग त्या ढगातून ठरावीक अंतराने बिंदू घेऊन डीकोड करा. माझ्याकडे २ आणि ३ शेजारी आले होते, मधून चालत गेलं की २ च्या पोटात अजून एक वळसा हळूहळू उमटत ३ तयार होताना दिसतो, ते बघताना खूप भारी वाटतं.

शेवटी प्रायर बदलून बघा, १० गॉसियनचं मिश्रण घ्या, फुलाच्या पाकळ्यांसारखं. नुसता आकार दिला तर एका पाकळीत एकच आकडा येईल याची खात्री नाही, २ आणि ३ एकाच पाकळीत बसू शकतात. तसं नको असेल तर डिस्क्रिमिनेटरला कोडसोबत लेबलही (तो कुठल्या गटातला ते) द्या, प्रायरच्या सॅम्पलला त्याच्या पाकळीचं आणि चित्राच्या कोडला त्याच्या आकड्याचं.